रायफलच्या दुर्बिणीतील पराशय : तपासणी आणि जुळवणी

पराशय म्हणजे काय

पाहणाऱ्याचा डोळा जागेवरून सरकला की वेगवेगळ्या अंतरांवरच्या दोन वस्तू एकमेकींच्या सापेक्ष सरकल्यासारख्या दिसतात. या भासमान सरकण्याला पराशय किंवा पॅरॅलॅक्स म्हणतात. मोटारीच्या वेगदर्शकाचा काटा तबकडीपासून किंचित पुढे असतो. त्यामुळे चालकाला तो ज्या आकड्यावर दिसतो, त्याच आकड्यावर शेजारी बसलेल्याला दिसत नाही. काटा आणि तबकडी एकाच पातळीत असती, तर दोघांनीही एकच आकडा वाचला असता. रायफलवर बसवलेल्या दुर्बिणीत, म्हणजे स्कोपमध्ये, काट्याच्या जागी रेटिकलची फुली असते आणि तबकडीच्या जागी लक्ष्याची प्रतिमा. ही दोन्ही एकाच प्रतलात असली, तर डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी फुली लक्ष्याच्या त्याच बिंदूवर राहते. त्यांच्यात अंतर पडले, की डोके कुठे आहे यावर नेम अवलंबून राहू लागतो. हे अंतर आहे की नाही हे पाहणे म्हणजे तपासणी आणि ते नाहीसे करणे म्हणजे जुळवणी.

दुर्बिणीची अंतर्रचना

स्कोपच्या पुढच्या टोकाला वस्तुभिंग असते. ते लक्ष्याची उलटी प्रतिमा नळीच्या आत तयार करते. या जागेला पहिले नाभीय प्रतल म्हणतात. त्यामागची भिंगांची जोडी ती प्रतिमा सरळ करून दुसऱ्या नाभीय प्रतलात आणते. शेवटी डोळ्याजवळची नेत्रिका साध्या विशालक भिंगासारखे काम करून ती प्रतिमा मोठी दाखवते. रेटिकल या दोहोंपैकी एका प्रतलात बसवलेले असते. दोन बहिर्गोल भिंगांच्या दुर्बिणीचे वर्णन योहानेस केप्लर यांनी १६११ मध्ये केले. अशा दुर्बिणीत खरी प्रतिमा नळीच्या आत पडते आणि नेमक्या तिथे बारीक तंतू ताणला तर तो दूरच्या वस्तूइतकाच स्पष्ट दिसतो, हे इंग्लंडमधील विल्यम गॅसकॉइन यांनी १६४० च्या सुमारास उपयोगात आणले. आजच्या रेटिकलचे मूळ त्या तंतूत आहे आणि ‘नेमक्या तिथे’ ही अट आजही तीच आहे.

प्रतिमा कुठे पडते

अतिदूरच्या वस्तूची प्रतिमा वस्तुभिंगाच्या नाभीवर पडते. वस्तू जवळ येऊ लागली की प्रतिमा नाभीच्या मागे, म्हणजे डोळ्याच्या दिशेने, सरकते. हे सरकणे नाभीय अंतराच्या वर्गाला वस्तूच्या अंतराने भागून काढता येते. वस्तुभिंगाचे नाभीय अंतर २०० मिमी धरले, तर १,००० मीटरवरील लक्ष्याची प्रतिमा नाभीच्या मागे केवळ ०.०४ मिमी असते. १०० मीटरवर हे सरकणे ०.४ मिमी, ५० मीटरवर ०.८ मिमी, २५ मीटरवर १.६ मिमी आणि १० मीटरवर ४ मिमी होते. रेटिकल मात्र आपल्या जागी घट्ट बसवलेले असते. त्यामुळे एका वेळी एकाच अंतरावरच्या लक्ष्याची प्रतिमा त्याच्या प्रतलात येऊ शकते. या आकड्यांतून आणखी एक गोष्ट दिसते : १,००० पासून १०० मीटरपर्यंत येताना प्रतिमा ०.३६ मिमी सरकते, तर २५ पासून १० मीटरपर्यंत येताना २.४ मिमी. जुळवणीच्या नॉबवर जवळचे आकडे ऐसपैस आणि लांबचे आकडे दाटीवाटीने का असतात, याचे कारण हेच आहे.

चूक किती होते

पराशयामुळे होणाऱ्या कमाल चुकीचा हिशेब साध्या भूमितीने मांडता येतो. वस्तुभिंगाच्या व्यासाचा अर्धा भाग घ्यावा, त्याला लक्ष्याचे अंतर आणि जुळवलेले अंतर यांतील फरकाने गुणावे आणि जुळवलेल्या अंतराने भागावे. वस्तुभिंग ४० मिमी व्यासाचे आणि स्कोप १०० मीटरला जुळवलेला असेल, तर ५० मीटरवर कमाल चूक १० मिमी येते. १० मीटरवर ती १८ मिमी, २०० मीटरवर २० मिमी आणि ३०० मीटरवर ४० मिमी होते. नेमक्या १०० मीटरवर ती शून्य असते. स्कोप अनंत अंतराला जुळवला, तर कोणत्याही अंतरावर चूक वस्तुभिंगाच्या त्रिज्येएवढी, म्हणजे २० मिमी, राहते. तुलनेसाठी, नेम सरकवणाऱ्या खटक्याच्या पाव कोनीय मिनिटाच्या एका क्लिकने १०० मीटरवर नेम सुमारे ७ मिमी आणि ५० मीटरवर सुमारे ३.६ मिमी सरकतो. म्हणजे ५० मीटरवरची १० मिमी चूक जवळजवळ तीन क्लिकांएवढी आहे. ही कमाल मर्यादा आहे, हेही लक्षात घ्यावे लागते. डोळा दृश्य वर्तुळाच्या अगदी कडेला गेला तरच ती गाठली जाते. मध्याजवळ असेल तर चूक त्याच प्रमाणात घटते.

विशालनाचा संबंध

वरच्या हिशेबात विशालन कुठेच येत नाही. कमाल चूक ४ पट विशालनाला असते तेवढीच १६ पटीला असते. तरीही पराशय मोठ्या विशालनाचा दोष मानला जातो, कारण डोळ्याच्या प्रत्येक मिलिमीटर हालचालीचा परिणाम विशालनाच्या पटीत वाढतो. नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास म्हणजे वस्तुभिंगाचा व्यास भागिले विशालन. ४० मिमी भिंगासाठी तो ४ पटीला १० मिमी आणि १६ पटीला २.५ मिमी असतो. ४ पटीला डोळा १ मिमी बाजूला गेला तर वस्तुभिंगावर ते ४ मिमी सरकण्यासारखे असते. १६ पटीला तेच १६ मिमी होते. झोत रुंद असताना डोळा बराच सरकला तरी चित्र पूर्ण दिसत राहते आणि चूक लक्षात येत नाही. झोत अरुंद असताना डोळा थोडासा ढळताच कडेला काळी कोर दिसते आणि डोके चुकल्याची सूचना मिळते. मोठे विशालन अशा रीतीने चूक वाढवतेही आणि उघडही करते. म्हणून तपासणी शक्यतो सर्वांत मोठ्या विशालनाला केली जाते.

ठरावीक अंतराचे स्कोप

सर्वच स्कोपमध्ये जुळवणीची सोय नसते. अनेक साध्या स्कोपमध्ये रेटिकल आणि प्रतिमा यांची जुळणी कारखान्यातच एका अंतरासाठी करून टाकलेली असते. .२२ रिमफायर रायफलसाठीच्या स्कोपमध्ये ते साधारण ५० यार्ड, म्हणजे सुमारे ४६ मीटर असते. सेंटरफायर रायफलसाठीच्या स्कोपमध्ये बहुधा १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर असते; काहींत ते १५० यार्ड असते. सेंटरफायरचा असा स्कोप एअर रायफलवर बसवून १० मीटरवर वापरला, की चित्र धूसर दिसते आणि डोके हलताच फुली उघडपणे सरकते. हा स्कोपचा बिघाड नसतो. तो चुकीच्या अंतरावर वापरला जात असतो. कमी विशालनाच्या आणि मध्यम अंतरासाठीच्या स्कोपला ठरावीक जुळणी पुरते. रचना सोपी राहते, वजन आणि किंमत कमी होते आणि विसरून चुकीच्या आकड्यावर राहील असा एक भागही कमी होतो.

जुळवणीची यंत्रणा

जुळवणीच्या दोन रचना रूढ आहेत. पहिलीत वस्तुभिंगाभोवतीचे कडे फिरवले की वस्तुभिंगच पुढेमागे सरकते. लक्ष्य जवळ असेल तर भिंग पुढे जाते आणि प्रतिमा पुन्हा रेटिकलच्या प्रतलात येते. ही रचना सरळ आणि तुलनेने स्वस्त आहे. मात्र कडे पुढच्या टोकाला असल्यामुळे नेम धरलेला असताना तिथे हात पोचवणे अवघड जाते. दुसऱ्या रचनेत स्कोपच्या मध्यभागी, बहुधा डाव्या अंगाला, नॉब असतो. तो फिरवल्याने वस्तुभिंग आणि प्रतिमा सरळ करणारी भिंगे यांच्यामधले एक भिंग सरकते. यात डोके न उचलता जुळवणी करता येते, पण आतले फिरते भाग वाढतात. दोन्ही रचनांत रेटिकल हलत नाही; हलवली जाते ती प्रतिमा. ज्या स्कोपला यांपैकी काहीच नाही, त्यात वस्तुभिंगाचे लॉक रिंग सैल करून भिंग फिरवणे तत्त्वतः शक्य असते. मात्र त्यात आतील कोरडा वायू निसटण्याची आणि नळीत बाष्प शिरण्याची जोखीम असते, म्हणून ते काम दुरुस्ती-कारागिराकडेच दिले जाते.

आधी नेत्रिका

पराशयाच्या जुळवणीपूर्वी नेत्रिकेची जुळवणी व्हावी लागते. ही दोन कामे वेगळी आहेत. नेत्रिकेचे कडे रेटिकल आणि डोळा यांचे नाते ठरवते. पराशयाचा नॉब प्रतिमा आणि रेटिकल यांचे. नेत्रिका जुळवताना स्कोप मोकळ्या आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे रोखतात, म्हणजे डोळ्यापुढे रेटिकलखेरीज दुसरे काही राहत नाही. सूर्याच्या दिशेला स्कोप कधीही नेला जात नाही, कारण एकवटलेल्या सूर्यकिरणांनी दृष्टी कायमची जाऊ शकते. नजर क्षणभरच रेटिकलवर टाकून लगेच हटवतात. अधिक वेळ पाहत राहिले, की डोळ्यातील भिंग स्वतःचा आकार बदलून अस्पष्ट फुलीही स्पष्ट करून घेते आणि चूक लपते. पहिल्याच क्षणी फुली काळी आणि धारदार दिसेपर्यंत कडे थोडे थोडे फिरवत जातात. ही स्थिती त्या व्यक्तीच्या डोळ्यापुरती असते. दुसऱ्या नेमबाजासाठी किंवा चष्म्याचा नंबर बदलल्यावर ती पुन्हा ठरवावी लागते.

तपासणीची रीत

तपासणीसाठी रायफलला हाताचा स्पर्श न होता ती स्थिर राहावी लागते. मान्य रेंजवर, रिकामी आणि बोल्ट उघडा ठेवलेली रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवतात आणि नळी लक्ष्याच्याच दिशेने ठेवतात. ज्या अंतरावर नेम धरायचा आहे, त्याच अंतरावर बारीक, ठळक खूण असलेला कागद लावतात. फुली त्या खुणेवर येईल अशी रायफल बसवून झाल्यावर हात काढून घेतात. मग डोळा नेत्रिकेमागे ठेवून डोके हळूहळू डावी-उजवीकडे आणि वर-खाली नेतात. कडेला काळी कोर दिसू लागेपर्यंतच ही हालचाल पुरेशी असते. फुली खुणेवर खिळून राहिली, तर त्या अंतरावर पराशय नाही. ती खुणेवरून घसरू लागली, तर पराशय आहे. आणि ती किती घसरते, यावरून चुकीचा अंदाज कागदावरच वाचता येतो. डोके हलवताना गाल दस्त्याला लागून रायफलच हलली, तर सारे निरीक्षण वाया जाते.

सरकण्याची दिशा

फुली कोणत्या बाजूला सरकते, यावरून दोष कोणत्या दिशेचा आहे हेही कळते. दोन वस्तूंपैकी दूरची वस्तू डोळ्याबरोबर सरकल्यासारखी भासते आणि जवळची त्याच्या विरुद्ध. स्कोप १०० मीटरला जुळवलेला असून लक्ष्य ५० मीटरवर असेल, तर फुली जणू लक्ष्याच्या पलीकडे असते. म्हणून डोळा उजवीकडे गेला की फुलीही लक्ष्यावर उजवीकडे जाते. यावरून नियम असा : फुली डोळ्याबरोबर सरकत असेल, तर जुळवलेले अंतर लक्ष्यापेक्षा जास्त आहे आणि नॉब लहान आकड्याकडे न्यावा लागेल; फुली डोळ्याच्या विरुद्ध सरकत असेल, तर जुळवलेले अंतर कमी आहे आणि नॉब मोठ्या आकड्याकडे न्यावा लागेल. गोळीच्या बाबतीत परिणाम उलटा होतो. पहिल्या स्थितीत उजवीकडे सरकलेली फुली पुन्हा खुणेवर आणण्यासाठी नेमबाज रायफल डावीकडे वळवतो आणि गोळी डावीकडे लागते. दुसऱ्या स्थितीत ती डोळा ढळलेल्या बाजूलाच लागते.

जुळवणीची रीत

नॉब फिरवताना प्रथम चित्राच्या स्पष्टतेवर लक्ष ठेवतात आणि लक्ष्य स्वच्छ दिसू लागेल तिथे थांबतात. ही केवळ ढोबळ पायरी असते. त्यानंतर डोके हलवून फुलीचे सरकणे पाहतात आणि वरच्या नियमाप्रमाणे नॉब अगदी थोडा फिरवतात. सरकणे कमी होत होत थांबते आणि पुढे गेल्यास उलट दिशेने सुरू होते. या दोन टोकांमधली जागा हवी असते. नॉबच्या आतील आट्यांमध्ये थोडा ढिलेपणा असतो. त्यामुळे एकाच खुणेवर डावीकडून आणि उजवीकडून आल्यास आतले भिंग नेमके त्याच जागी येईल असे नाही. यावर रूढ उपाय म्हणजे नॉब एका टोकापर्यंत नेऊन दर वेळी त्याच दिशेने इष्ट जागी आणणे. स्पष्ट चित्राची जागा आणि सरकणे थांबण्याची जागा वेगवेगळ्या आल्या, तर बहुधा नेत्रिकेची जुळवणी चुकलेली असते. ती सुधारल्यावर दोन्ही जागा एकत्र येतात. तोपर्यंत निवड करावीच लागली, तर पराशय नसलेली जागा निवडतात, कारण किंचित धूसर चित्राने नेम बदलत नाही.

नॉबवरील आकडे

नॉबवर ५०, १००, २०० असे आकडे कोरलेले असतात, पण ते मार्गदर्शक असतात. भिंगांच्या घडणीतील सूक्ष्म फरक, नेत्रिकेची स्थिती आणि तापमान यांमुळे १०० मीटरची खरी जागा कोरलेल्या १०० च्या अलीकडे किंवा पलीकडे असू शकते. धातूची नळी आणि भिंगे उष्णतेने प्रसरण पावतात, काचेचा अपवर्तनांकही बदलतो. म्हणून सकाळच्या गारव्यात केलेली खूण दुपारच्या उन्हात तंतोतंत लागू पडत नाही. अनुभवी नेमबाज मोजलेल्या अंतरांवर तपासणी करून नॉबवर स्वतःच्या खुणांची पट्टी चिकटवतात. फुलीचे सरकणे थांबले का, हा मात्र प्रत्येक वेळी अखेरचा निकष राहतो.

डोळा मध्यावर राखणे

स्कोपमध्ये जुळवणीची सोय नसेल किंवा वेळ नसेल, तर चुकीचा दुसरा घटक, म्हणजे डोळ्याचे ढळणे, आवरता येतो. डोळा नेत्रिकेच्या अक्षावर असेल, तर प्रतिमा आणि रेटिकल वेगवेगळ्या प्रतलांत असूनही नेम चुकत नाही. यासाठी दस्त्यावर गाल दर वेळी एकाच जागी टेकावा, अशी दस्त्याची उंची आणि स्कोपच्या कड्यांची उंची जमवली जाते. डोके किंचित मागे नेले, की दृश्याभोवती काळे वलय उमटते. ते सर्व बाजूंनी सारख्या जाडीचे असेल तर डोळा मध्यावर आहे. काही जण वस्तुभिंगावर लहान छिद्राचे झाकण बसवतात. ४० मिमीचे भिंग २० मिमीपर्यंत झाकले, तर कमाल चूक निम्मी होते. मात्र प्रकाश एक चतुर्थांश उरतो, म्हणून हा उपाय भर उजेडातच चालतो.

पराशय नसलेले दोष

लक्ष्यावर गोळ्या विखुरल्या की पराशयाला सहज दोष दिला जातो, पण तशीच लक्षणे इतर कारणांनीही दिसतात. स्कोपची कडी सैल असतील, तर प्रत्येक धक्क्यासरशी नेम बदलतो. तिथे रायफल स्थिर ठेवून केलेल्या तपासणीत फुली सरकत नाही. रायफल कलती धरली, तर अंतर वाढत जाईल तशी गोळी कललेल्या बाजूला जास्त जाते. तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेच्या लहरींमुळे प्रतिमा स्वतःच थरथरते. त्या थरथरीचा डोळ्याच्या हालचालीशी संबंध नसतो. डोके स्थिर असतानाही ती चालू राहते. अशा हवेत पराशयाची बारीक तपासणी करणे व्यर्थ ठरते, म्हणून ती पहाटे किंवा ढगाळ हवेत उरकतात. डोळा हलला तरच सरकते आणि डोळा थांबला की थांबते, ही पराशयाची स्वतंत्र ओळख आहे.

छिद्राची निशाणी

स्पर्धात्मक नेमबाजीतील मोठा भाग स्कोपविना चालतो. ऑलिंपिकच्या १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर रायफल प्रकारांत दुर्बिणीला परवानगी नाही. पुढे एक वर्तुळ आणि मागे सुमारे १ मिमीचे छिद्र असते. २०१० मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोन प्रकारात सुवर्णपदक मिळवणाऱ्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवणारे कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्निल कुसाळे यांनी अशाच निशाणीने नेम धरला. इथे पुढचे वर्तुळ आणि लक्ष्य वेगवेगळ्या अंतरांवर असतात, म्हणजे पराशय असतोच. मागचे छिद्र इतके लहान असते की डोळ्याला ढळायला वावच उरत नाही. शिवाय लहान छिद्रामुळे वर्तुळ आणि लक्ष्य दोन्ही एकाच वेळी पुरेशी स्पष्ट दिसतात. स्कोप दोन प्रतले एकत्र आणून पराशय घालवतो. छिद्राची निशाणी डोळ्याला जागेवर बांधून तो आवरते.

लाल ठिपक्याची निशाणी

विशालन नसलेल्या लाल ठिपक्याच्या निशाणीत वक्र काचेवरून परावर्तित झालेला प्रकाश जवळजवळ समांतर होऊन डोळ्यात येतो, म्हणून ठिपका खूप दूर असल्यासारखा दिसतो. अशी साधने पुष्कळदा ‘पॅरॅलॅक्समुक्त’ म्हणून विकली जातात. प्रत्यक्षात तीही एखाद्या दूरच्या किंवा अनंत अंतराला जुळवलेली असतात. लक्ष्य त्याहून जवळ आले की काचेच्या त्रिज्येएवढी कमाल चूक संभवते. २० मिमी रुंद काचेत ती १० मिमी होते. ज्या कामासाठी ही निशाणी वापरतात, तिथे एवढी चूक बहुधा चालते. बारीक लक्ष्य साधणाऱ्या स्पर्धेत चालत नाही.

अंतर मोजण्याचा उपयोग

जवळच्या अंतरांवर प्रतिमा झपाट्याने सरकते, या अडचणीचाच फील्ड टार्गेट या खेळाने उपयोग करून घेतला आहे. ब्रिटनमध्ये रूढ झालेल्या या खेळात एअर रायफलने साधारण ७ ते ५० मीटरमधली लोखंडी लक्ष्ये पाडायची असतात. त्यांची अंतरे सांगितलेली नसतात आणि लेझर अंतरमापक वापरता येत नाही. स्पर्धक मोठ्या विशालनाच्या स्कोपच्या नॉबवर मोठ्या व्यासाचे चाक बसवतात. चाक फिरवून चित्र धारदार झाले, की चाकावरच्या स्वतःच्या खुणांवरून अंतर वाचतात आणि छऱ्याच्या पडण्याचा हिशेब करतात. चाक मोठे असल्याने दोन खुणांमधली जागा वाढते आणि वाचन बारकाईने होते. हीच रीत ३०० मीटरवर निरुपयोगी आहे, कारण तिथे काही मीटरच्या फरकाने प्रतिमा जवळजवळ सरकतच नाही.

मर्यादा

पराशयाची जुळवणी एका वेळी एकाच अंतरासाठी खरी असते. लक्ष्य पुढेमागे झाले की ती पुन्हा करावी लागते. दुसऱ्या नाभीय प्रतलातील रेटिकलच्या बाबतीत विशालन बदलल्यावर आतली भिंगे सरकतात आणि किंचित पराशय उरू शकतो. म्हणून ज्या विशालनाला नेम धरायचा, त्याच विशालनाला अखेरची तपासणी करणे योग्य ठरते. कडेच्या भागात भिंगे तितकी अचूक नसतात; त्यामुळे मध्यावर सरकणे पूर्ण थांबूनही अगदी कडेला थोडे शिल्लक राहते. साध्या रायफलची १०० मीटरवरील स्वतःची विखुरण ५० मिमी असेल, तर मध्याजवळच्या डोळ्याने होणारी दोन-तीन मिलिमीटरची चूक तिच्यात विरून जाते. ५० मीटरच्या रायफल स्पर्धेत दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिमी व्यासाचे असते. एवढ्या लहान लक्ष्यासाठी तेच मिलिमीटर मोलाचे असतात. उलट टोकाला, १०० मीटरला जुळवलेला ५० मिमी भिंगाचा स्कोप १,००० मीटरवर वापरला, तर कमाल चूक २२५ मिमी होते. जुळवणीवर किती वेळ घालवावा, हे लक्ष्याचा आकार आणि अंतर यांवरून ठरते.

इतर उपकरणांशी नाते

बारावीच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत बहिर्गोल भिंगाचे नाभीय अंतर काढताना एका टाचणीची प्रतिमा आणि दुसरी टाचणी यांच्यातील पराशय घालवतात. डोके हलवून दोन्ही टोके एकत्रच सरकू लागली, की टाचणी प्रतिमेच्या जागी आली असे मानतात. भूमापनात थिओडोलाइट किंवा लेव्हल लावल्यावर आधी नेत्रिकेने तारांची फुली आणि मग नॉबने पट्टीची प्रतिमा स्पष्ट करतात. शेवटी डोळा वर-खाली करून फुली पट्टीवर सरकत नाही याची खात्री करतात. चांगल्या व्होल्टमीटरच्या तबकडीत आरशाची पट्टी असते. काटा आणि त्याचे प्रतिबिंब एकावर एक दिसले की डोळा योग्य रेषेत असतो. पहिल्या दोन्ही कामांत स्कोपप्रमाणेच खूण आणि प्रतिमा एका प्रतलात आणलेल्या आहेत. व्होल्टमीटरने छिद्राच्या निशाणीप्रमाणे डोळ्याची जागा ठरवली आहे. पराशयावर या दोहोंखेरीज तिसरा मार्ग नाही. त्याच्या निरसनाची खात्री पटवण्याचे साधनही सर्वत्र सारखेच राहिले आहे : डोळा मुद्दाम हलवून पाहणे.